पाठमोरं गाणं

चारकोप, ७ जानेवारी

चि. मानसी,

फोन तू उचलत नाहीस याची तक्रार करायला हे पत्र नाही. उचललास तरी फोनवर माझं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही, हे तुला ठाऊक आहे. कागदावर मी जरा बरा असतो.

आईला घशाचा कॅन्सर निघालाय. हे वाक्य मी चौथ्या-पाचव्या परिच्छेदात हळूच घालणार होतो. पण आमचे गुरुजी म्हणायचे, आधी मुद्दा लिही, अलंकार मग. म्हणून लिहून टाकलं.

दिवाळीपासून आवाज बसला होता. आम्ही दोघं 'फराळाचं तेल बाधलं' म्हणत हळद-दूध करत राहिलो. बावीस तारखेला ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. पुढे ती गळ्यातल्या भोकातून श्वास घेईल आणि बोलणार नाही. डॉक्टर तरुण आहेत, नीट समजावतात. फक्त 'कधीच नाही' एवढं त्यांनी इंग्रजीत सांगितलं, म्हणून ते मला घरी येऊन चपला काढेपर्यंत लागलं नाही.

तेव्हा तिला तुझ्याशी काही बोलायचं असेल, तर ते बावीसच्या आत. आणि तू म्हणशील, तिला कुठे बोलायचंय. तिनेच तर गावच्या देवळात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, की यापुढे लेकीचं तोंड बघणार नाही. बरोबर आहे. किरणशी तू लग्न केलंस त्या महिन्यातली ती गोष्ट. मी बाजूला नारळ धरून उभा होतो. चार वर्षं झाली. तू तुझ्या आजोळची रीत जाणतेस, देवाला ऐकवलेला शब्द माणसाचा राहत नाही. तिला पक्कं वाटतं की शब्द मोडला तर ते तिच्यावर नाही, तुझ्यावर येईल. मी तिला हसून पाहिलं, रागावून पाहिलं. 'पोरीक काय झाला तर तुमी भरतलास?' एवढंच विचारते.

आता मुख्य गोष्ट. परवा दुपारी टीव्हीवर आपलं पाठमोरं गाणं लागलं.

तुला आठवत असेल. काळा-पांढरा सिनेमा, नायक दिसायला यथातथा, आणि तू लहानपणी विचारायचीस, 'बाबा, हे प्रेमाचं गाणं आहे तर यात बाग का नाही?' खरंच, त्यात बाग नाही, चंद्र नाही, होडी नाही. एक खोली आहे. तो कामावरून येऊन उंबऱ्यावर बसलाय आणि त्याची बायको आपल्याकडे, म्हणजे बघणाऱ्यांकडे, आणि त्याच्याकडेही पाठ करून सुपात तांदूळ पाखडतेय. तो गातो, पण काय गातो? तेल संपलं का, शेजारच्या पोराचा ताप उतरला का, आज पत्र आलं का. 'प्रेम' हा शब्द गाण्यात एकदाही येत नाही. ती उत्तर देत नाही. तिच्या बांगड्या तेवढ्या मात्रेवर वाजतात, जणू संगीतकाराने तिच्यासाठी तेवढीच जागा ठेवलीय. आणि दुसरा अंतरा! सगळे वाद्यवाले वाजवत असतात, चाल पूर्ण होते, पण गायक गातच नाही. नायक तोंड उघडतो आणि मिटतो. अख्खा अंतरा बिनशब्दांचा. तेवढा वेळ तिचे हात थांबलेले असतात. मग ती पुन्हा पाखडायला लागते आणि गाणं संपतं. तिचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही.

परीक्षेत 'पुढील ओळींचे रसग्रहण करा' असा प्रश्न यायचा ना, तसं मी मनातल्या मनात या गाण्याचं कितीदा केलंय. आशय, सौंदर्य, आवडण्याचं कारण. शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडताना शेजारच्या वर्गातून कवितेचा तास ऐकू यायचा, तेव्हासुद्धा मी हेच गाणं त्या कवितांच्या रांगेत नेऊन बसवायचो. माझं म्हणणं असं, की ती वळत नाही कारण तिला वळायची गरज नाही. ज्याला पाठीनेही ऐकता येतं, त्याने तोंड कशाला दाखवावं?

हे मी आईला ऐकवलं. ती पलंगावर पडल्या पडल्या, त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, 'ती वळात कशी? सुपात तांदूळ असत. वळली तर सांडतले.'

मी म्हटलं, 'अगं, यात काव्य आहे.'

'काव्य असतला. पन जेवणाचा काय?'

तुला हसू आलं असेल तर बरं. मला त्याच वेळी एक सुचलं आणि म्हणून पत्र लिहितोय. तिने तोंड बघणार नाही म्हटलंय. ऐकणार नाही असं म्हटलेलं नाही. एकवीसला ती इस्पितळात दाखल असेल. भेटायची वेळ चार ते सहा. तिची खुर्ची आपण खिडकीकडे तोंड करून ठेवू. तू येऊन मागे बस. तिने बघायचं नाही, वळायचं नाही, पण बोलायचं. शब्दही राहील आणि माणसंही.

मी हे तिला सांगितलं. तिने पांघरुणाची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, 'मागे बसतली?' नाही म्हणाली नाही, मानसी. हे तू लक्षात घे.

तुझ्या उत्तराची वाट बघत,
बाबा


चारकोप, १३ जानेवारी

चि. मानसी,

तू काल फोन केलास. त्या बोलण्याने रात्री झोप लागली नाही हे लिहू नये, पण लिहिलं.

तुझे शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण मी ते मनात पुन्हा पुन्हा ऐकले. 'बाबा, आईला कॅन्सर आहे हे ऐकून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. मी लगेच निघणार होते. पण पुढचं पान वाचलं. मी मागे बसायचं? मी काय केलंय?' मी म्हटलं, अगं गाण्यात बघ ना, आणि तू म्हणालीस, 'तुमचं ते गाणं जाऊ दे ना यार बाबा. दर वेळी तुम्ही काहीतरी सुंदर काढता आणि आम्ही त्यात बसायचं.'

मग किरणने फोन घेतला. मुलगा कधी आवाज चढवत नाही, कालही चढवला नाही. म्हणाला, 'बाबा, मानसीने यावं की नाही ते ती ठरवेल. मी अडवणार नाही. पण समोर येऊ नका, मागे बसा, हे माझ्या घरात सांगू नका. माझे आजोबा शाळेत वर्गाच्या बाहेर बसून शिकले. दारातून त्यांना फळ्याचा कोपरा दिसायचा आणि गुरुजींची पाठ. तुम्हाला ज्या कविता पाठ आहेत ना, त्या त्यांनाही पाठ होत्या. बाहेरून पाठ केलेल्या.'

मग तो म्हणाला, 'आईंची तब्येत सांभाळा,' आणि फोन ठेवला.

मी खरं लिहितो, पोरी. मला त्यात फक्त गाणं दिसलं होतं. एवढं वय झालं, तुझ्या लग्नाला मी मनातून विरोध केला नाही याचा मला थोडा अभिमानही आहे, पण 'मागे बस' या दोन शब्दांत काय काय बसलंय हे मला किरणने सांगेपर्यंत दिसलं नाही. मनातून विरोध केला नाही म्हणतो, पण देवळात नारळ मीच धरला होता. तो खाली ठेवता आला असता.

असं असूनही मी पुन्हा विचारतोय, हे तुला लाजिरवाणं वाटेल. तू ये. कुठेही बस. मी खुर्ची फिरवणार नाही, तिला फिरवायची तर तिने फिरवावी. मी तुला सांगू शकत नाही की ती वळेल. मला वाटत नाही वळेल. पण आवाज रोज थोडा थोडा जातोय. काल 'मीठ' म्हणाली ते मला दोनदा विचारावं लागलं.

ती विचारत होती, 'काय म्हणाली?' मी म्हटलं, 'बघू म्हणाली.' तू तेही म्हणाली नव्हतीस. पण तिने संध्याकाळी अस्मिताला, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेला, बोलावून केसांना तेल लावून घेतलं.

बाबा


चारकोप, २४ जानेवारी

चि. मानसी,

ऑपरेशन झालं. आठ तास लागले. ती शुद्धीवर आहे. नाकातून नळी आहे, गळ्याला भोक आहे आणि त्यातून श्वास येतो-जातो त्याचा आवाज येतो. तेवढाच आवाज उरलाय.

एकवीसला तू आली नाहीस. त्याबद्दल मला बोलायचं नाही. मला त्या दिवशी जे झालं ते सांगायचंय, कारण ते तुझ्याबद्दल आहे आणि तुला ठाऊक नाही.

साडेतीनपासून ती तयार होती. इस्पितळाचा झगा तिने वर साडी गुंडाळून झाकला. ती हिरवी, बारीक काठाची. मी खुर्ची फिरवणार नाही म्हटलं होतं, फिरवली नाही. तिनेच सिस्टरला हाताने खूण केली. सिस्टर केरळची, बिचारीला वाटलं हिला उन्हं बघायचीत. खुर्ची खिडकीकडे झाली. मागे तिने एक स्टूल ठेवायला लावलं. त्याच्यावरची धूळ मला पुसायला सांगितली.

मी खाली फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. घाटकोपरहून यायचं तर मेट्रो, मग रिक्षा. प्रत्येक रिक्षात वाकून बघत होतो. एका रिक्षावाल्याने विचारलं, 'काका, बसताय की नुसतं बघताय?' पाच वाजून गेले. मग मला वाटलं, वर जाऊन तिला सांगावं की आज जमत नाही म्हणाली. वाक्य तयार करून मी जिना चढलो.

दारात पोचलो. खोलीत दुसरी पेशंट झोपलेली. ही खिडकीकडे तोंड करून बसलेली, पाठ ताठ. माझ्या चपलांचा आवाज झाला असेल. ती म्हणाली, 'इलंस?'

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मला वाटलं, मी बोललो तर ती थांबेल. एकदा थांबली तर पुन्हा सुरू व्हायला तिच्याकडे आवाज नाही आणि उद्या तर काहीच नाही. एवढाच विचार केला, त्याहून जास्त केला नाही. मी स्टुलावर बसलोही नाही, दाराशीच उभा राहिलो. ती तुझ्याशी बोलली. थांबत थांबत, मधे थुंकी पुसत, अगदी सिस्टर इंजेक्शन घेऊन येईपर्यंत बोलली. शेवटी म्हणाली, 'जा आता.' मी बाहेर आलो, पॅसेजच्या टोकापर्यंत गेलो आणि पाय वाजवत परत आलो. तिने विचारलं, 'गेली?' मी म्हटलं, 'हो.'

आता तिची समजूत अशी आहे की तू आलीस, सगळं ऐकलंस आणि एक शब्द न बोलता निघून गेलीस. हे मी केलं. आणि आता ती विचारूही शकत नाही.

ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. ते तुझं आहे. तू घरी ये, मी समोर बसून सांगतो.

बाबा


चारकोप, २१ फेब्रुवारी

चि. मानसी,

तुझा मेसेज अस्मिताने मोठी अक्षरं करून दाखवला. 'आई काय बोलली ते लिहून पाठवा. त्याच्या बदल्यात मला बोलावू नका.' बरोबर ओळखलंस. मी ते राखून ठेवलं होतं, लहान मुलाला खाऊ दाखवून जवळ बोलावतात तसं. महिनाभर तू गप्प राहिलीस आणि मीही हट्टाने गप्प राहिलो. या महिन्यात आई निम्मी झाली.

डॉक्टरांनी परवा बोलावलं होतं. गाठी खाली उतरल्यात. रेडिएशनचा शेक द्यायचा होता तो देणार नाहीत, शरीर घेणार नाही म्हणाले. या वेळी त्यांनी मराठीत सांगितलं.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. आई पलंगाला टेकून बसली होती. तिच्यासाठी मी स्टेशनरीच्या दुकानातून पोरांची पाटी आणलीय, ती उशाशी असते. चौथीपर्यंतची तिची अक्षरं अजून गोल आहेत. मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, 'रत्ना, त्या दिवशी मानसी आली नव्हती. दारात मी होतो.'

तिने उशाशी हात नेला. मग पाटी ओढली आणि लिहिलं, 'ठावक असा.'

मला पहिल्यांदा कळलं नाही. तिने पुसून पुन्हा लिहिलं, 'तुमचो श्वास नाकात वाजता. ४५ वर्सा ऐकतंय.'

'मग बोललीस कशाला? आणि तिलाच बोलतेयस असं?'

'तुमका बोललंय तर तुमी मधे मधे बोलतास.'

मी हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही. तिलाही खांदे हलवून हसू आलं, आणि हसली की त्या भोकातून खोकला येतो, मग सगळं साफ करावं लागतं. ते झाल्यावर तिने लिहिलं, 'ती येवची नाय. तुमी लिवतास. लिवा.' मी पाटी हातात घेऊन बसलो. तिने ती परत ओढून घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'गाण्याचा लिवा नको. मी बोललंय तसा लिवा.'

म्हणजे ती महिनाभर वाट बघत होती की मी कधी लिहितो. आणि मी वाट बघत होतो की तू कधी येतेस.

म्हणून खाली तिचं बोलणं आहे. तिने सांगितलं तसं मालवणीतच, माझी शाई तेवढी. मी मधे काही घातलेलं नाही आणि शेवटी सही करत नाही, कारण इथून पुढे पत्र माझं नाही. यावं की न यावं याबद्दलही मी काही लिहीत नाही. आलीस तर समोरच्या दाराने ये, किरणला घेऊन ये, आणि समोर बसा. ती वळली नाही तर मी तुमच्याकडे तोंड करून बसेन.


इलंस? बस. चपलो काढू नको, लादी थंड असा. तू बोला नको, मी बोलतंय. उद्यापासून माका बोलूक मिळाचा नाय.

देवाक घातलेला गाऱ्हाणा तुज्या कानावर इला असतला. तुज्या बापाशीक वाटता, मी देवाक भियतंय. भियतंय थोडा. पन येवढा नाय.

तुजा लगीन झाला, त्याच्या मागसून एक दिस तुजी सासू आपल्या घरी इल्ली. शकुबाई. एकटीच इल्ली, भर दुपारची, उन्हातसून. तुजो बाप पेन्शनीच्या कामाक भायर गेललो. तिच्या हातात डबो होतो, रव्याचे लाडू. म्हणाली, 'विहीणबाई, पोरांचं झालं ते झालं, आपण दोघी तरी बोलत जाऊ.' मी दार धरून उभी. भितर ये म्हटलंय नाय. तिणा डबो खाली ठेवल्यान, भितीक टेकली. तोंड लाल झालेला. मोठी बाई ती, जिने चढान दम लागललो.

लाडू मी खाल्लंय. तुज्या बापाशीक दाखवूक नाय. एकटीनच खाल्लंय, रोज एक. बरे होते.

तिणा ह्या तुमका कोणाक सांगूक नाय, होय ना? सांगितलेला असता तर तू भांडूक इली असतस. माका तू म्हायत असस, तू गप रवणारी नाय. चार वर्सा मी वाट बघतंय, बेल वाजली की वाटता, इली, आता भांडतली. तू येवक नाय. म्हणजे तिणा सांगूकच नाय. मगे माका आणखीच तोंड दाखवूची लाज वाटाक लागली. तुका नि तिका, दोघांक. देवाचा नाव मी पुढे केलंय, ता बरा पडला.

माफी बिफी मी मागणय नाय. मागान काय होता. तू तिका फक्त येवढा सांग, की रत्नप्रभाक ता आठवता.

तिणा पाणी मागल्यान. म्हणाली, 'घोटभर पाणी द्या, मग जाते.' मी म्हटलंय, आज नळाक पाणी इला नाय. ती 'बरं' म्हणाली नि कठड्याक धरून जिने उतारली.

माठ भरललो होतो.